बेरिलियमचे किरण: न्यूट्रॉन ओळखला गेला ते प्रकरण

अणुकेंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. 1932 च्या फेब्रुवारीपर्यंत मात्र ही ओळ कुठल्याही पुस्तकात नव्हती. ती कशी आली, हे प्रकरण मला भौतिकशास्त्राच्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. दोन प्रयोगशाळांच्या हाती जवळपास तोच पुरावा होता आणि दोन्हीकडची मोजमापं नीट होती. तरीही एकीला त्यात गॅमा किरण (क्ष-किरणांसारखे, पण जास्त ऊर्जेचे) दिसले आणि दुसरीला नवा कण. फरक पडला तो एका जादा मोजमापाने. ते मोजमाप कोणतं आणि निकाल त्याच्यावरच का लागला, हे इथे आकड्यांसकट मांडतो.

तेव्हाचा अणू

अर्नेस्ट रुदरफोर्ड यांनी 1911 मध्ये अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात असतं हे दाखवलं. 1919 मध्ये त्यांनीच नायट्रोजनवर अल्फा कणांचा, म्हणजे वेगाने सुटलेल्या हेलियमच्या केंद्रकांचा, मारा करून हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, बाहेर काढला. आता हेलियमचा हिशोब बघा. प्रभार 2, वस्तुमान 4. चार प्रोटॉन घेतले तर वस्तुमान जुळतं, पण प्रभार दुप्पट होतो. तेव्हाचा तोडगा असा होता की केंद्रकात चार प्रोटॉनबरोबर दोन इलेक्ट्रॉनही असतात आणि ते दोन प्रोटॉनांचा प्रभार मारून टाकतात. हा तोडगा वेडगळ नव्हता. माहीत असलेले कण दोनच होते, आणि बीटा किरणोत्सर्गात इलेक्ट्रॉन केंद्रकातूनच बाहेर पडताना दिसत होते. बाहेर पडतात म्हणजे आत असणारच, असं कुणालाही वाटलं असतं.

पण 1929 च्या सुमाराला नायट्रोजनने हे चित्र अडचणीत आणलं. नायट्रोजनचं वस्तुमान 14 आणि प्रभार 7, म्हणून जुन्या हिशोबाने केंद्रकात 14 प्रोटॉन आणि 7 इलेक्ट्रॉन, एकूण 21 कण. प्रत्येक कणाचा स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरल्यासारखा अंगभूत गुण, अर्धा. विषम संख्येने अर्धे एकत्र केले तर बेरीज पूर्णांकी येऊच शकत नाही. फ्रांको रासेत्ती यांनी नायट्रोजन वायूच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाचा वर्णपट तपासला, तर केंद्रक वागत होतं ते आत सम संख्येने कण असल्यासारखं. हायटलर आणि हर्झबर्ग यांनी ही विसंगती उघडपणे मांडली. त्यातच नव्या क्वांटम सिद्धांताप्रमाणे इलेक्ट्रॉनसारखा हलका कण केंद्रकाएवढ्या जागेत कोंडायचा तर त्याला अवाच्या सवा ऊर्जा द्यावी लागत होती. जुनं चित्र आतून पोखरलेलं होतं, पण त्याच्या जागी ठेवायला दुसरं काही नव्हतं.

एक कल्पना मात्र पडून होती. 1920 मध्ये रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात रुदरफोर्ड यांनी प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन घट्ट जुळून बनलेला, प्रभार नसलेला कण असू शकतो असं म्हटलं होतं. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी जेम्स चॅडविक यांनी ही कल्पना मनावर घेतली. त्या कणाचा शोध घेण्याचे प्रयत्न तिथे अधूनमधून होत राहिले आणि दर वेळी हात रिकामेच राहिले. प्रभार नसलेला कण वायूतून जाताना आयन, म्हणजे प्रभार असलेले अणू, बनवत नाही, म्हणून मागे खूण सोडत नाही. तो दिसायचा तर दुसऱ्या कुणाला तरी धक्का देऊनच.

चमत्कारिक किरण

जर्मनीत वाल्टर बोथे आणि हर्बर्ट बेकर यांनी 1930 मध्ये पोलोनियममधून निघणारे अल्फा कण हलक्या मूलद्रव्यांवर सोडले. बेरिलियममधून फार भेदक किरण बाहेर आले. त्यांच्यावर प्रभार नव्हता. प्रभार नसलेले भेदक किरण म्हटले की तेव्हा गॅमा किरणच डोळ्यांपुढे येत, आणि बोथे यांनी तसाच अर्थ लावला. कॅव्हेंडिशमध्ये वेबस्टर यांनी 1931 मध्ये हाच प्रयोग करताना एक गोष्ट नोंदवली: अल्फा कण ज्या दिशेने जातात त्याच दिशेने पुढे निघणारे किरण मागच्या बाजूला निघणाऱ्या किरणांपेक्षा जास्त भेदक असतात. गॅमा किरणांच्या बाबतीत एवढा फरक पडायचं कारण दिसत नव्हतं. एखादा कण अल्फाच्या धक्क्याने पुढे फेकला जात असेल, तर मात्र हे सरळ समजतं. इथेच धागा हाती आला होता. पण त्यांच्याजवळचा पोलोनियमचा स्रोत कमजोर होता आणि पुढची तपासणी तिथेच अडली.

या सगळ्या गोष्टीत पोलोनियमला मोठं स्थान आहे, ते का हे सांगायला हवं. रेडियममधून अल्फा कणांबरोबर बीटा आणि गॅमा किरणांचा लोंढा येतो आणि बारीक परिणाम त्यात बुडून जातात. पोलोनियम जवळजवळ निव्वळ अल्फा कण देतो. त्याचा अर्धायुष्यकाल मात्र 138 दिवसांचा, म्हणजे साठा सतत नवा करावा लागतो. जगातले सर्वांत तीव्र पोलोनियमचे स्रोत तेव्हा पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये होते.

पॅरिसचं निरीक्षण

तिथे इरेन क्यूरी आणि फ्रेडरिक जोलिओ हे दांपत्य काम करत होतं. बेरिलियममधून येणाऱ्या किरणांच्या वाटेत वेगवेगळे पदार्थ ठेवायचे आणि पलीकडच्या आयनीकरण कक्षात विद्युतप्रवाह किती येतो ते मोजायचं, असा बेत होता. बहुतेक पदार्थांनी प्रवाहात वाढ झाली नाही. पॅराफिनचं मेण ठेवलं तेव्हा मात्र प्रवाह जवळपास दुप्पट झाला. वाटेत अडथळा घातला आणि परिणाम वाढला, हे कुणालाही चक्रावून टाकणारं होतं. पाणी आणि सेलोफेननेही प्रवाह वाढत होता. या सगळ्यांत समान काय, तर हायड्रोजन. किरण या पदार्थांतल्या हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजे प्रोटॉन, बाहेर उडवत होते. हे त्यांनी पुरेशा चाचण्या करून ठरवलं आणि 18 जानेवारी 1932 रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलं.

इथपर्यंत सगळं निर्दोष होतं. पुढे प्रश्न आला की गॅमा किरण प्रोटॉनला कसा उडवेल. गॅमा किरण इलेक्ट्रॉनला धक्का देतो हे कॉम्प्टन यांनी आधीच दाखवलं होतं. तोच प्रकार प्रोटॉनबाबत घडत असणार, असं त्यांनी धरलं. पण प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा 1,836 पट जड. त्याला जवळपास 4.5 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा द्यायची, तर गॅमा किरणाची स्वतःची ऊर्जा 50 एमईव्हीच्या आसपास असावी लागते. पोलोनियमच्या अल्फा कणाची ऊर्जा असते जेमतेम 5.3 एमईव्ही. बेरिलियमच्या केंद्रकातून आणखी थोडी मिळेल, पण 50 पर्यंतचं अंतर कशाने भरून काढायचं? त्यांना हा आकडा खटकला होता, तरी त्यांनी तो मांडला आणि प्रोटॉनशी किरणांची ही नव्या प्रकारची क्रिया असावी असं सुचवलं.

केंब्रिजमधले काही आठवडे

हा शोधनिबंध केंब्रिजला पोचला. चॅडविक यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे, त्यांनी रुदरफोर्ड यांना हा अर्थ सांगितला तेव्हा माझा यावर विश्वास नाही, असं ते ताडकन म्हणाले. निरीक्षणावर मात्र विश्वास ठेवायलाच हवा, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

योगायोगाने त्या वेळी चॅडविक यांच्याकडे चांगला पोलोनियम आलेला होता. नॉर्मन फेदर हे त्यांचे तरुण सहकारी अमेरिकेत बाल्टिमोरला काही काळ काम करून परतले होते. तिथल्या एका रुग्णालयात उपचारांसाठी वापरून झालेल्या रेडॉनच्या नळ्या त्यांनी मिळवून आणल्या होत्या. रेडॉन संपला तरी त्याच्या क्षयातून हळूहळू पोलोनियम तयार होत राहतो. रुग्णालयाच्या दृष्टीने निकामी झालेल्या त्या नळ्यांतूनच हा स्रोत तयार झाला.

उपकरण लहानसं होतं. चांदीच्या एका सेंटिमीटरच्या चकतीवर पोलोनियम, तिच्यासमोर बेरिलियमची चकती, आणि दोन्ही एका निर्वात भांड्यात. समोर छोटा आयनीकरण कक्ष, त्याला जोडलेला व्हॉल्व्हचा वर्धक (क्षीण विद्युत संकेत मोठा करणारा) आणि शेवटी दोलनलेखक (संकेत कागदावर उतरवणारा). एक आयन बनवणारा कण कक्षात शिरला की दोलनलेखकाच्या कागदावर एक टोक उमटे. टोकाच्या उंचीवरून कणाने किती आयन बनवले ते कळे. पॅरिसच्या पद्धतीत एकूण प्रवाह मोजला जात होता, इथे एकेक कण वेगळा मोजता येत होता. माझ्या मते या प्रकरणातली निम्मी लढाई इथेच जिंकली गेली.

भांडं कक्षापासून 3 सेंटिमीटरवर ठेवलं तेव्हा मिनिटाला साधारण चार टोकं येत होती. मध्ये 2 सेंटिमीटर जाडीचं शिसं घातलं, तरी संख्येत फारसा फरक पडला नाही. त्याच जागी 2 मिलिमीटरचा पॅराफिनचा पत्रा ठेवला आणि टोकं भराभर वाढली. प्रोटॉन निघत होते. त्यांच्यासमोर धातूचे पातळ पत्रे वाढवत नेऊन, ते कुठपर्यंत मजल मारतात हे चॅडविक यांनी मोजलं. हवेतली कमाल मजल 40 सेंटिमीटर निघाली. त्यावरून कमाल वेग सेकंदाला 3.3 अब्ज सेंटिमीटर आणि ऊर्जा 5.7 एमईव्ही. गॅमा किरण धरायचा तर त्याची ऊर्जा 55 एमईव्ही.

आता ते जादा मोजमाप. चॅडविक यांनी हायड्रोजनवर न थांबता लिथियम, बेरिलियम, बोरॉन, कार्बन, नायट्रोजन, आर्गॉन अशी लक्ष्यं बदलून पाहिली. सगळीकडे केंद्रकं उडत होती. यातला नायट्रोजन निर्णायक ठरला. 55 एमईव्हीचा गॅमा किरण प्रोटॉनपेक्षा 14 पट जड असलेल्या नायट्रोजनच्या केंद्रकाला जास्तीत जास्त साडेचार लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास ऊर्जा देऊ शकतो. ऊर्जा आणि संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) या दोन्हींचा जमाखर्च पाळायचा तर याहून जास्त देणं शक्यच नाही. एवढ्या ऊर्जेच्या केंद्रकाने हवेत सुमारे 10,000 आयनांच्या जोड्या बनवायला हव्यात. कागदावरची टोकं सांगत होती 30,000 ते 40,000. हे जुळवायचं तर किरणाची ऊर्जा 90 एमईव्ही मानावी लागते.

म्हणजे त्याच स्रोतातून निघालेला तोच किरण हायड्रोजनसमोर 55 आणि नायट्रोजनसमोर 90. लक्ष्य जड घ्यावं तसा आकडा वर चढत जातो. किरणाची ऊर्जा तो पुढे कुणावर आदळणार आहे यावर अवलंबून असूच शकत नाही. एकट्या हायड्रोजनचं मोजमाप हाती असताना 50 एमईव्ही हा आकडा विचित्र, पण निदान मानता येण्यासारखा होता. दुसरं लक्ष्य शेजारी ठेवताच तो उभा राहू शकला नाही.

आता किरणाच्या जागी कण ठेवून पाहू. एक गोटी तेवढ्याच वजनाच्या थांबलेल्या गोटीवर समोरासमोर आदळली तर स्वतः थांबते आणि आपली सगळी गती दुसरीला देते. खूप जड गोटीवर आदळली तर तिला थोडीच गती मिळते. येणाऱ्या कणाचं वस्तुमान M आणि वेग V मानला, तर समोरासमोरच्या धडकेत प्रोटॉनला मिळणारा वेग 2MV भागिले (M+1), आणि नायट्रोजनला मिळणारा 2MV भागिले (M+14). M आणि V दोन्ही अज्ञात आहेत. पण दोन वेगांचा भागाकार केला की V निघून जातो आणि फक्त M उरतो. फेदर यांनी मेघकक्षात (कणांचे मार्ग थेंबांच्या रेषांनी दाखवणाऱ्या कक्षात) नायट्रोजनच्या केंद्रकांचे मार्ग तपासून त्यांचा कमाल वेग सेकंदाला 47 कोटी सेंटिमीटर काढला होता. 3.3 अब्ज भागिले 47 कोटी म्हणजे साधारण 7.02. (M+14) भागिले (M+1) बरोबर 7.02 हे समीकरण सोडवा, M येतो सुमारे 1.15. नायट्रोजनच्या वेगात दहा टक्क्यांची चूक शक्य आहे, असं चॅडविक यांनी स्वतःच सांगितलं होतं. तेवढ्या मर्यादेत कणाचं वस्तुमान प्रोटॉनइतकंच ठरत होतं.

शाळेत शिकलेल्या बीजगणिताने विश्वातला एक मूलभूत कण पकडला जातो, हे पाहून मला अजून आनंद होतो. कागद-पेन्सिल घेऊन हे समीकरण एकदा स्वतः सोडवून पाहाच.

कण मानल्यावर बाकीच्या अडचणीही सुटल्या. 5.7 एमईव्हीचा प्रोटॉन उडवायला तेवढ्याच ऊर्जेचा कण पुरतो, आणि एवढी ऊर्जा अल्फा आणि बेरिलियमच्या क्रियेतून सहज निघते. अल्फा (वस्तुमान 4) आणि बेरिलियम (9) मिळून 13, त्यातून हा कण (1) गेला की कार्बन-12 उरतो. प्रभारही जुळतो: 2 अधिक 4 बरोबर 6. शिशातून पार होणंही समजतं. गॅमा किरण इलेक्ट्रॉनांवर आदळून क्षीण होतात आणि शिशात इलेक्ट्रॉन ठासून भरलेले असतात. प्रभारहीन कणाला इलेक्ट्रॉनांशी देणंघेणंच नाही. शिवाय गॅमा किरणांनी प्रोटॉन किती वेळा उडावेत हे क्लाइन-निशिना सूत्रावरून काढता येत होतं आणि प्रत्यक्षात ते त्याच्या हजारो पटींनी उडत होते. वेबस्टर यांना पुढच्या बाजूला जास्त भेदक किरण का दिसले, तेही उघड झालं.

17 फेब्रुवारीला चॅडविक यांनी ‘नेचर’ला पत्र पाठवलं आणि ते 27 फेब्रुवारीला छापून आलं. शीर्षकात त्यांनी न्यूट्रॉनच्या संभाव्य अस्तित्वाबद्दल लिहिलं. मे महिन्यात रॉयल सोसायटीकडे दिलेल्या सविस्तर निबंधाच्या शीर्षकातून ‘संभाव्य’ निघून गेलं होतं.

पॅरिसला काय कमी पडलं

जोलिओ-क्यूरी दांपत्याकडे अधिक तीव्र स्रोत होता, कौशल्य होतं, आणि मेणातून उडणारे प्रोटॉन आधी दिसले ते त्यांनाच. रुदरफोर्ड यांचं 1920 चं व्याख्यान आपण वाचलं नव्हतं, असं जोलिओ यांनी नंतर सांगितलं. अनेक जण प्रकरणाचा निकाल इथेच लावतात: एकाच्या डोक्यात न्यूट्रॉन होता, दुसऱ्याच्या नव्हता. यात तथ्य आहे, पण एवढ्याने माझं समाधान होत नाही. डोक्यात कल्पना असल्याने चॅडविक यांना कुठे पाहायचं ते कळलं. पण कल्पना बारा वर्षं जुनी होती आणि तोवर तिच्या बाजूने एकही पुरावा मिळाला नव्हता. गॅमाचा पक्ष पाडला तो दोन लक्ष्यांच्या तुलनेने. ही तुलना न्यूट्रॉनचं नावही न ऐकलेल्या माणसाने केली असती, तरी 55 आणि 90 चा मेळ बसत नाही हे त्याला दिसलंच असतं.

50 एमईव्हीचा आकडा समोर आल्यावर दोन वाटा होत्या. एक म्हणजे मोजमाप पक्कं आहे, तर निसर्गात एवढ्या ऊर्जेचे किरण आहेत असं मान्य करणं. दुसरी म्हणजे तो आकडा ज्या गृहीतावर उभा आहे ते तपासायला दुसरा प्रयोग रचणं. पॅरिसने पहिली वाट धरली. ती आळसाची मुळीच नव्हती. वैश्विक किरणांत प्रचंड ऊर्जा असते हे तेव्हा माहीत होतं, त्यामुळे 50 हा आकडा अशक्य कोटीतला वाटत नव्हता. निसर्गाने चकित करावं इतका मोकळेपणा त्यांच्यात होता, आणि दोनच वर्षांनी त्याच मोकळेपणाने त्यांना कृत्रिम किरणोत्सर्ग गवसला. ॲल्युमिनियमवर अल्फा कण सोडून त्यांनी किरणोत्सर्गी फॉस्फरस बनवला. 1935 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी त्यांना मिळालं. त्याच वर्षीचं भौतिकशास्त्राचं नोबेल चॅडविक यांना मिळालं.

कण बरोबर, घडण चुकीची

प्रकरणाचा हा भाग सहसा सांगितला जात नाही आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला, पण तो मूलभूत कण आहे असं ते 1932 मध्ये मानत नव्हते. त्यांच्या लेखी तो रुदरफोर्ड यांनी सुचवलेला होता तसाच, म्हणजे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन घट्ट जुळलेला. त्यासाठी त्यांच्याकडे आकडाही होता.

1.15 पेक्षा अचूक वस्तुमान काढायला त्यांनी बोरॉन वापरला, कारण बेरिलियमचं अचूक अणुवस्तुमान तेव्हा उपलब्ध नव्हतं. बोरॉन-11 आणि अल्फा मिळून नायट्रोजन-14 आणि न्यूट्रॉन. ॲस्टन यांनी मोजलेली वस्तुमानं आणि कणांच्या गतिज ऊर्जा घालून न्यूट्रॉनचं वस्तुमान 1.0067 आलं. हायड्रोजनचा अणू, म्हणजे एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, 1.0078. न्यूट्रॉन त्याहून हलका. दोन कण जुळताना ऊर्जा बाहेर पडते आणि तेवढं वस्तुमान घटतं, हा नियम. न्यूट्रॉन ही जोडी असेल तर तो हलकाच असायला हवा, आणि तो हलका भरला. तर्कात खोट नव्हती. खोट होती ती अणुवस्तुमानांच्या तेव्हाच्या कोष्टकात, चौथ्या दशांश स्थळापासून पुढे तर कधी तिसऱ्याच स्थळी. पॅरिसहून लवकरच हायड्रोजनपेक्षा मोठं मूल्य आलं, अमेरिकेतून लॉरेन्स यांचं खूपच लहान.

निकाल 1934 मध्ये लागला. मॉरिस गोल्डहाबर या तरुण सहकाऱ्याच्या सूचनेवरून चॅडविक यांनी त्याच्यासोबत ड्यूटेरियमच्या, म्हणजे जड हायड्रोजनच्या, केंद्रकावर 2.62 एमईव्हीचे गॅमा किरण सोडले. या केंद्रकात एकच प्रोटॉन आणि एकच न्यूट्रॉन असतो, त्यामुळे ते फोडायला लागलेली ऊर्जा कळली की न्यूट्रॉनचं वस्तुमान जवळजवळ थेट मिळतं. ते हायड्रोजनच्या अणूपेक्षा जास्त निघालं. आजचा आकडा 1.008665, हायड्रोजनचा अणू 1.007825. जोडीचं वस्तुमान तिच्या घटकांच्या बेरजेपेक्षा जास्त भरत असेल तर ती जोडी टिकून राहू शकत नाही. न्यूट्रॉनला प्रोटॉन-इलेक्ट्रॉनची जोडी मानणं तिथे संपलं.

तोवर हायझेनबर्ग आणि इवानेंको यांनी केंद्रक प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांचं असल्याचं मांडलं होतंच. नायट्रोजनमध्ये आता 7 अधिक 7, म्हणजे 14 कण. संख्या सम आहे आणि रासेत्ती यांच्या वर्णपटाशी जुळते. मात्र त्यासाठी न्यूट्रॉनचा स्वतःचा स्पिन अर्धा असावा लागतो, आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉनच्या जोडीचा तो अर्धा येऊ शकत नाही. बीटा क्षयातला इलेक्ट्रॉन कुठून येतो याचं उत्तर फेर्मी यांनी 1934 मध्ये दिलं: तो आत साठवलेला नसतो, न्यूट्रॉनचं प्रोटॉनमध्ये रूपांतर होताना त्याच क्षणी निर्माण होतो. याचा अर्थ मोकळा सुटलेला न्यूट्रॉनही आपोआप मोडायला हवा. 1940 च्या दशकाच्या अखेरीस अणुभट्ट्यांतून न्यूट्रॉनचे झोत मिळू लागले तेव्हा तो मोडताना दिसला. त्याचं सरासरी आयुष्य 880 सेकंदांच्या आसपास आहे. न्यूट्रॉन साठवून ठेवून मोजलं तर ते सुमारे 878 सेकंद येतं आणि वाहत्या झोतात मोजलं तर सुमारे 888. या दोन आकड्यांमधल्या अंतराचा उलगडा करण्याचं काम अजून चालू आहे.